पिंक फ्लॉइडचं घराणं, व्हाया चामोर्शी

"गानं केव्हा सुरू होते मंग?"

माझ्या मोठ्या बाबांनी हा प्रश्न विचारला तेव्हा पिंक फ्लॉइडचं ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ सुरू होऊन चांगली सहा मिनिटं झाली होती. स्थळ चामोर्शी, जिल्हा गडचिरोली. वेळ दिवाळीच्या सुट्टीतली संध्याकाळ. पुण्याहून आणलेला नवाकोरा ब्लूटूथ स्पीकर ओट्यावर ठेवून मी घरच्यांना शहाणं करून सोडायला निघालो होतो. मोठे बाबा सुपारी कातरत अगदी मन लावून ऐकत होते.

"सुरूच आहे ना, मोठे बाबा," मी म्हटलं.

"हे तं पेटी-तबला जुळवनं चालू आहे बाबू. गानं केव्हा?"

आता यावर काय बोलणार? मोठे बाबा चुकत नव्हते. या गाण्यात पहिला शब्द कानावर पडायला साडेआठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात हिंदी सिनेमाची दोन गाणी आटोपतात आणि हिरो-हिरॉइन स्वित्झर्लंडहून परतही येतात! पण ज्याला या साडेआठ मिनिटांची चटक लागली, त्याचं मग तीन मिनिटांच्या गाण्यात पोट भरत नाही. माझं हेच झालंय. आणि आजचा कॉलम माझ्यासारख्याच बिघडलेल्यांसाठी आहे. ज्यांना बिघडायचंय, त्यांचंही स्वागत!

पंधरा अल्बम संपले, पुढे काय?

ज्यांचा आणि प्रोग्रेसिव्ह रॉकचा छत्तीसचा आकडा आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. साठचं दशक संपता संपता इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं. त्यांनी रॉकमध्ये जॅझ आणलं, वेस्टर्न क्लासिकल आणलं, अवघड ताल आणले, आणि अख्ख्या अल्बमभर एकच गोष्ट सांगायला सुरुवात केली. किंग क्रिमसन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल ही त्यातली मोठी नावं. आणि सगळ्यांत जास्त घराघरांत पोचलेलं नाव म्हणजे पिंक फ्लॉइड. १९६५मध्ये लंडनला सुरू झालेला हा बँड. त्यांचा १९७३चा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सातशेहून जास्त आठवडे होता. हिंजवडीच्या कुठल्याही कँटीनमध्ये जाऊन बघा, काळ्या टी-शर्टवर प्रिझम छापलेला एक तरी गडी दिसतोच. (त्यातल्या किती जणांनी अल्बम ऐकलाय, हा प्रश्न आपण विचारायचा नाही. दिवाळीचे दिवस आहेत.)

प्रॉब्लेम असा की पिंक फ्लॉइडचे स्टुडिओ अल्बम मोजून पंधरा. शेवटचा ‘द एंडलेस रिव्हर’ २०१४चा. कीबोर्ड वाजवणारा रिचर्ड राइट २००८मध्येच गेला. रॉजर वॉटर्सने तर १९८५मध्येच बँड सोडला होता. म्हणजे दुकान बंद. पंधरा अल्बम पाठ झाले की फॅनची अवस्था आवडत्या खानावळीला टाळं लागल्यासारखी होते. भूक तीच, पण जायचं कुठे?

मग सुरू होतो शोध. फ्लॉइडसारखं अजून कोण वाजवतं? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून हा उद्योग करतोय. मास कॉमच्या असाइनमेंट्स लटकल्या, पण यादी वाढत गेली.

जर्मनी, नॉर्वे, पोलंड...

या यादीतलं माझं पहिलं प्रेम म्हणजे ‘एलॉय’. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा बँड, १९६९मध्ये सुरू झालेला. नाव उचललंय एच. जी. वेल्सच्या ‘द टाइम मशीन’ कादंबरीतल्या जमातीवरून. त्यांचा १९७७चा ‘ओशन’ नावाचा अल्बम बुडालेल्या अटलांटिसवर आहे. चारच गाणी, आणि प्रत्येक गाणं म्हणजे भरतीची लाट. इंग्रजी उच्चार पक्के जर्मन. पहिल्यांदा हसू येतं, तिसऱ्यांदा ऐकताना आपण त्याच उच्चारांत गुणगुणायला लागतो.

दुसरा ‘आरपीडब्ल्यूएल’. हाही जर्मन. नाव एखाद्या सरकारी महामंडळासारखं वाटतं, पण ती चौघांच्या आडनावांची आद्याक्षरं आहेत. ही मंडळी १९९७मध्ये पिंक फ्लॉइडची गाणी वाजवायलाच एकत्र आली होती. पुढे वाटलं, दुसऱ्याची गाणी किती दिवस वाजवायची? २००० साली ‘गॉड हॅज फेल्ड’ हा स्वतःचा अल्बम काढला. ऐकताना फ्लॉइडचं घर स्पष्ट दिसतं, पण फर्निचर यांचं आहे.

तिसरा नॉर्वेचा ‘एअरबॅग’. यांचा गिटारिस्ट ब्यॉर्न रीस म्हणजे डेव्हिड गिलमोरचा एकलव्य. गिलमोरने कुठल्या वर्षी कुठली गिटार वाजवली, कुठलं पेडल पायाखाली ठेवलं, याचा त्याने वर्षानुवर्षं अभ्यास केला आणि त्यावर सविस्तर लिहिलंही. पण तो फक्त अभ्यासात अडकला नाही. २००९चा ‘आयडेंटिटी’ ऐका. पाऊस पडत असेल तर उत्तम, नसेल तर खिडकीचा पडदा ओढून घ्या.

चौथा पोलंडचा ‘रिव्हरसाइड’. वॉर्सात २००१मध्ये सुरू झालेला. यांच्यात फ्लॉइडचा संथपणा आहे, पण मधूनच मेटलचा दणकाही बसतो. त्यांचा गिटारिस्ट प्योत्र ग्रुजिन्स्की २०१६मध्ये अचानक गेला. बँड संपणार असंच वाटलं होतं. उरलेल्या तिघांनी २०१८मध्ये ‘वेस्टलँड’ काढला. सगळं उद्ध्वस्त झाल्यावर जगायचं कसं, हाच त्याचा विषय. मागची गोष्ट माहीत असेल तर तो अल्बम सोपा जात नाही.

आणि पाचवा, या सगळ्यांतला मोठा भाऊ, ‘पॉर्क्युपाइन ट्री’. याची जन्मकथा सॉलिड आहे. १९८७मध्ये स्टीव्हन विल्सन नावाच्या इंग्लिश पोराने चक्क गंमत म्हणून एक खोटा बँड तयार केला. सभासद खोटे, इतिहास खोटा, सगळी वाद्यं हा एकटाच वाजवणार! पुढे लोकांना गाणी आवडायला लागली आणि खरा बँड उभा करावा लागला. १९९५चा ‘द स्काय मूव्हज साइडवेज’ ऐकला की फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ची आठवण आल्याशिवाय राहत नाही. पण २००२च्या ‘इन अब्सेंशिया’पर्यंत येता येता हा बँड स्वतःच्या पायावर असा काही उभा राहिला, की आता लोक ‘पॉर्क्युपाइन ट्रीसारखे बँड’ शोधतात.

कॉपी की घराणं?

इथे एक हमखास भांडण होतं. माझा एक रूममेट म्हणायचा, "हे सगळे कॉपी आहेत यार. ओरिजिनल असताना झेरॉक्स कशाला?"

मला हा प्रश्न बरेच दिवस छळत होता. उत्तर मिळालं ते रॉकमध्ये नाही, आपल्या शास्त्रीय संगीतात. आपल्याकडे कुणी किराणा घराण्याचं गाताना त्याच्या सुरात गुरूची सावली दिसली, तर आपण ‘कॉपी’ म्हणतो का? उलट म्हणतो, तालीम पक्की आहे! कुमार गंधर्वांचं उदाहरण तर डोळ्यांत भरणारं आहे. लहानपणी ते प्रसिद्ध झाले ते मोठमोठ्या गवयांच्या ग्रामोफोन रेकॉर्ड्स हुबेहूब गाऊन दाखवण्यासाठी. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकले, क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळले, देवासला राहिले, आणि उठले ते स्वतःचं, कुणासारखंच नसलेलं गाणं घेऊन. म्हणजे नक्कल ही सुरुवात असू शकते. प्रश्न एवढाच, की तुम्ही तिथेच मुक्काम ठोकता का पुढची एसटी पकडता.

तेव्हापासून मी या बँड्सना ‘फ्लॉइड घराणं’ म्हणतो. रूममेटला पटलं नाही. तो आता बंगळुरूला असतो आणि पॉडकास्ट ऐकतो. जाऊ दे.

आणि आपल्याकडे?

आता तुम्ही म्हणाल, जर्मनी झालं, नॉर्वे झालं, आपल्या गावात काय? तर बॉस, आपणही मागे नाही. रॉजर वॉटर्स फेब्रुवारी २००७मध्ये मुंबईत बीकेसीला ‘डार्क साइड’ अख्खा वाजवून गेला. पॉर्क्युपाइन ट्री डिसेंबर २००९मध्ये पवईला, आयआयटीच्या मूड इंडिगोमध्ये वाजले. मी तेव्हा चामोर्शीत शाळेच्या गॅदरिंगसाठी लेझीम बसवत होतो, त्यामुळे या दोन्ही कॉन्सर्ट्सच्या गोष्टी मला सीनियर लोकांकडून ऐकाव्या लागतात. ते सांगताना इतका भाव खातात की विचारू नका!

अशा वातावरणात तयार झालेला मुंबईचा बँड म्हणजे ‘कोशिश’. २०१३मध्ये त्यांचा ‘फिरदौस’ आला. प्रोग्रेसिव्ह रॉक, तोही पूर्ण हिंदीत, आणि सगळी गाणी एकाच धाग्यात ओवलेली. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा सर्वांत मोठा धक्का संगीताचा नव्हता, भाषेचा होता. तोपर्यंत मला वाटायचं, अशा संगीतात दुःखी व्हायचं तर इंग्रजीतच व्हावं लागतं. ‘फिरदौस’ ऐकताना कळलं, की शब्द आपल्या जवळच्या भाषेतले असले की गिटारचा तोच सूर दोन इंच जास्त आत जातो. व्हायोलिन आवडत असेल तर मुंबईचाच ‘पॅराडाइम शिफ्ट’ ऐका. तिथे व्हायोलिन आणि रागदारी अगदी राजरोस रॉकच्या मांडीला मांडी लावून बसतात.

तर एवढी सगळी यादी माझ्याकडे तयार होती. कॉलम लिहून पाठवायचा, की संपलं. पण दिवाळीच्या त्या संध्याकाळी मोठ्या बाबांनी माझी हवा काढली, आणि दुसऱ्या दिवशी उरलेली हवा माझ्या मित्राने काढली.

मेमरी कार्ड भरून मिळेल

या मित्राशिवाय हा कॉलमच नसता, म्हणून त्याची गोष्ट सांगायला हवी.

२०१२-१३चा सुमार. मी दहावीत. गावात इंटरनेट म्हणजे कासव. तेव्हा गाणी मिळण्याची एकच जागा, मोबाइल रिपेरिंगचं दुकान. काचेवर पाटी, ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’. वीस रुपये द्या, दोन जीबीचं कार्ड द्या, दुकानदार कॉम्प्युटरमधले फोल्डर ओतून देणार. डीजे, भीमगीतं, झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी, जुनं हिंदी, नवं हिंदी. माझा वर्गमित्र शाळा सुटल्यावर अशाच एका दुकानात बसायचा. एक दिवस त्याने माझ्या कार्डात न विचारता ‘ओल्ड इंग्लिश’ नावाचा फोल्डर टाकला. त्यात ‘कम्फर्टेबली नम्ब’ होतं. रात्री घरच्या गच्चीवर, चायनीज मोबाइलच्या फाटक्या इअरफोनमध्ये, मी गिलमोरचा तो सोलो ऐकला. एक शब्द कळला नव्हता. पण उठून खाली जायला जमेना.

पिंक फ्लॉइड मला लंडनने दिला नाही आणि पुण्यानेही दिला नाही. चामोर्शीच्या बाजारातल्या एका टपरीवजा दुकानाने दिला, वीस रुपयांत.

मित्र बंगाली. आमच्या भागाबाहेरच्यांना हे ऐकून नवल वाटतं. फाळणीनंतरच्या दशकांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या कितीतरी कुटुंबांना तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात जमिनी देऊन वसवण्यात आलं. १९८२मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आज चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत बंगाल्यांची गावंच्या गावं आहेत. धानाची शेती, तळ्यातली मासोळी, आणि दसऱ्याआधी दुर्गापूजेची धामधूम. घरात बंगाली, बाजारात आमच्यासारखीच झाडी वळणाची मराठी. माझा हा मित्र ‘का बे, का करून रायला?’ असं माझ्यापेक्षा झकास बोलतो.

आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. मेमरी कार्डं कुणी भरत नाही, तो स्क्रीन बदलतो आणि रिचार्ज मारतो. समोरच्या रस्त्याने लोहखनिजाचे ट्रक जातात, त्यांची धूळ काचेवर बसते, ती तो दर तासाला पुसतो. मी स्टुलावर बसलो आणि ऐटीत त्याला माझी यादी वाचून दाखवली. एलॉय, आरपीडब्ल्यूएल, एअरबॅग, रिव्हरसाइड. शीर्षकही सांगितलं, ‘पिंक फ्लॉइडच्या वाटेवरचे तुम्ही न ऐकलेले बँड’.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आर्टसेल नाही टाकला?"

"कोण आर्टसेल?"

तो हसला. "तुझ्या कार्डात टाकला होता बे. दहावीत. तूच डिलीट करून आणला आनि म्हनला, बंगाली गानं नको टाकत जाऊ, जागा खाते."

मला आठवलं. खरंच आठवलं. ‘कम्फर्टेबली नम्ब’च्या शेजारीच एक फाइल होती, सोळा मिनिटांची. मी दहा सेकंद ऐकली, बंगाली शब्द कानावर आले, आणि तिच्या जागी तीन हिंदी गाणी बसतील असा हिशेब करून उडवली. त्याने कोलकात्याच्या मामेभावाकडून पेनड्राइव्हवर आणलेलं, त्याचं स्वतःचं सगळ्यांत लाडकं गाणं होतं ते. इंग्रजी गाणं त्याने मला ‘मस्त आहे’ म्हणून दिलं होतं. हे गाणं त्याने मला ‘माझं आहे’ म्हणून दिलं होतं. मी पहिलं ठेवलं आणि दुसरं फेकलं.

"तुला पोलंडचा बँड सापडला," तो पुन्हा काच पुसत म्हणाला. "बाजूच्या बाकावरचा नाही सापडला."

तो रागावला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

अनिकेत

‘आर्टसेल’ हा बांगलादेशचा बँड. १९९९मध्ये ढाक्यात सुरू झाला. सुरुवातीला मेटालिकाची गाणी वाजवायचे, मग ड्रीम थिएटरच्या वाटेने प्रोग्रेसिव्ह मेटलकडे वळले. आणि ड्रीम थिएटर म्हणजे कोण? २००५मध्ये लंडनला ज्यांनी अख्खा ‘डार्क साइड ऑफ द मून’ स्टेजवर वाजवला, तेच. म्हणजे घराणं तेच, फक्त शाखा ढाक्याची! आर्टसेलचा पहिला अल्बम ‘ओन्नो शोमोय’ २००२चा, दुसरा २००६चा, आणि तिसरा यायला थेट २०२३ उजाडलं. मधली सतरा वर्षं चाहते थांबले होते.

त्या दुसऱ्या अल्बमचं आणि त्यातल्या सोळा मिनिटांच्या गाण्याचं नाव एकच आहे. बंगालीत ‘ओनिकेत प्रांतोर’, आपल्या अक्षरांत लिहायचं तर ‘अनिकेत प्रांतर’. आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एक तरी अनिकेत असतो. माझ्या वर्गात दोन होते, एक जाड्या आणि एक काड्या. पण त्या शब्दाचा अर्थ आपण कधी मनावर घेतला का? निकेत म्हणजे घर. अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. आणि प्रांतर म्हणजे पसरलेलं, ओसाड, मोकळं रान. हे सगळं मला मित्राने सांगितलं, मोबाइलच्या मदरबोर्डवर डाग मारता मारता. संस्कृतमध्ये पैकीच्या पैकी मला होते, त्याला नाही.

संध्याकाळी दुकान बंद करून तो मला घरी घेऊन गेला. त्याची ठाकुमा, म्हणजे आजी, अंगणात विळीवर भोपळा चिरत होती. ती लहान असताना आईच्या कडेवरून सीमा ओलांडून आली. आधी छावणी, मग आणखी एक छावणी, मग हे रान. त्याने स्पीकरवर गाणं लावलं. सुरुवातीच्या गिटारला ती काही बोलली नाही. दणका सुरू झाला तेव्हा तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि बंगालीत काहीतरी विचारलं. मित्राने भाषांतर केलं, "म्हनते, पोरगं गातं चांगलं, ओरडते कशाला? कुठचं आहे?"

"ढाका," त्याने तिला सांगितलं.

विळीवरचा हात थांबला. ती थोडा वेळ स्पीकरकडे बघत राहिली, जणू त्यातून कुणी बाहेर येणार आहे. मग म्हणाली, आवाज थोडा वाढव. आणि पुन्हा भोपळा चिरायला लागली. सोळाच्या सोळा मिनिटं.

मी तिथे बसून हिशेब करत होतो. माझ्या कॉलमच्या शीर्षकात ‘तुम्ही न ऐकलेले बँड’ असं होतं. कुणी न ऐकलेले? ढाक्याच्या कॉलेजांत हे गाणं गर्दीच्या गर्दी तोंडपाठ गाते. चामोर्शी तालुक्यातल्या एका अंगणात ते वर्षानुवर्षं वाजतंय. अनोळखी होतं ते फक्त मला, आणि त्यालाही कारण मीच. ‘अल्पपरिचित’ हा शब्द आपण बँडबद्दल वापरतो, पण खरं तर तो आपल्याबद्दल असतो. आपला परिचय अल्प असतो!

आणि यात एक गोची आहे, ती ऑफिसात बसून प्लेलिस्ट बनवणाऱ्या आपल्यासारख्यांनी समजून घेण्यासारखी आहे. हल्ली अ‍ॅप आपल्याला सांगतं, ‘तुम्हाला हेही आवडेल’. त्याने मला एअरबॅग दिला, रिव्हरसाइड दिला. मी त्याचा ऋणी आहे. पण सात-आठ वर्षांत त्याने मला एकदाही आर्टसेल सुचवला नाही, कारण मी इंग्रजी ऐकणारा आहे हे त्याला माझ्याकडूनच कळलं होतं. दहावीत मी जे डिलीट केलं, ते मशीन आजपर्यंत डिलीटच करत आलं. शेवटी गाणं मिळालं ते माणसाकडूनच. दोनदा.

रात्रभराचं नाटक

परतायच्या आधीच्या रात्री मोठे बाबा मला झाडीपट्टीच्या नाटकाला घेऊन गेले. दिवाळी झाली की आमच्याकडे हा सीझन सुरू होतो, तो होळीपर्यंत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्याचं मुख्य ठाणं. तिथे नाटक कंपन्यांची ऑफिसं, तिथूनच गावोगाव बुकिंग. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईत अनेकांनी ‘झाडीपट्टी’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. म्हणजे हेही अल्पपरिचितच म्हणायचं!

नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटे संपतं. रडायचे प्रवेश, हसायचे प्रवेश, मधे मधे गाणी, लावणी, आणि स्टेजपुढे बसलेले वादक. थंडीत स्वेटर, मफलर, घोंगडी घेऊन हजारभर माणसं हलत नाहीत. नांदी झाली, मग सत्कार झाले, मग पुन्हा संगीत झालं. तासभर उलटला तरी मूळ गोष्ट सुरू व्हायची होती.

मी मोठ्या बाबांच्या कानाशी लागलो. "नाटक केव्हा सुरू होते मंग?"

त्यांना एक सेकंद लागला. मग ते असे हसले की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. "बराबर आहे बाबू," ते म्हणाले. "तुझं ते गानं उद्या पुन्हा लाव. पुरं ऐकतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘शाइन ऑन’ पूर्ण ऐकलं. पहिला शब्द आला तेव्हा बोट वर करून म्हणाले, "आलं!" मत विचारलं तर म्हणाले, पेटीवाला चांगला आहे. रिचर्ड राइटला याहून मोठी दाद माझ्या डोळ्यांदेखत तरी कुणी दिलेली नाही.

निघायच्या दिवशी एसटीला वेळ होता म्हणून दुकानात डोकावलो. मित्राला म्हटलं, फोन घे आणि तुझ्याकडचं सगळं बंगाली टाक. न विचारता टाक. काहीही डिलीट करणार नाही. त्याने केबल लावली. आर्टसेलचे तीनही अल्बम आले, आणि ‘मोहीनेर घोडागुली’ नावाच्या कोलकात्याच्या जुन्या बँडची गाणी. हा सत्तरच्या दशकातला, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या रॉक बँड्सपैकी एक. त्यांच्याच गाण्याच्या चालीवर २००६मध्ये ‘गँगस्टर’मधलं ‘भीगी भीगी’ आलं, जे आपण सगळ्यांनी बेसूर गायलंय.

कॉपी होईपर्यंत एसटीचा हॉर्न वाजला. मी फोन उचलला, पिशवी खांद्याला लावली.

"कुठं चालला बे?" तो म्हणाला. "वीस रुपये दे ना."

बॉक्स : इथून सुरुवात करा

एकदम सगळे ऐकू नका, अजीर्ण होईल. आठवड्याला एक अल्बम, रात्री, दिवे घालवून, आणि ऑफिसचे मेल बंद करून. एवढंच पथ्य.

• एलॉय – ‘ओशन’ (१९७७). लांबच्या बस प्रवासाला. खिडकीची सीट हवीच.

• पॉर्क्युपाइन ट्री – ‘इन अब्सेंशिया’ (२००२). ज्यांना फ्लॉइड ‘फार स्लो’ वाटतो, त्यांनी इथून घुसावं.

• आरपीडब्ल्यूएल – ‘गॉड हॅज फेल्ड’ (२०००). कव्हर बँडचा खरा बँड कसा होतो, त्याचा नमुना.

• एअरबॅग – ‘आयडेंटिटी’ (२००९). पावसाळी रविवार, दुपारी चार.

• रिव्हरसाइड – ‘वेस्टलँड’ (२०१८). जवळचं कुणी गेलं असेल तर थोडं थांबून, मग ऐका.

• कोशिश – ‘फिरदौस’ (२०१३). आपल्या शेजारच्या भाषेत.

• आर्टसेल – ‘अनिकेत प्रांतर’ (२००६). शेवटचं गाणं आधी ऐकू नका. पण ऐकायला घेतलं तर अर्ध्यात सोडू नका. मी एकदा सोडलं होतं.

आणि एक होमवर्क. तुमच्या बाजूच्या डेस्कवर बसणारा, दुसऱ्या राज्यातून आलेला, डबा खाताना एका कानात इअरफोन घालणारा कुणीतरी असेल. त्याला विचारा, काय ऐकतोयस? आणि मग पूर्ण ऐका.